दंडावरचं पान

मित्रांनो, माझं शेवटचं पान सुरकुतलेलं आहे आणि त्याला हळदीचा वास येतो. बाकीची पानं तशी बरी आहेत. जुन्या चित्रपुस्तकाची असावीत तशीच. कोपरे दुमडलेले, मध्ये एका ठिकाणी लाळेचा डाग, एका बेडकाला कुणीतरी पेन्सिलीने काढलेल्या मिश्या. पण शेवटच्या पानाची गोष्ट वेगळी आहे. ते बरीच वर्षं माझ्याजवळ नव्हतंच. ते एका मुलीच्या दंडाला बांधलेलं होतं. तुम्ही म्हणाल, पुस्तकाचं पान कुणी दंडाला बांधतं का? बांधतात. जरा बसा, सांगतो. मला बोलायला तसं फारसं कुणी मिळत नाही.

माझा जन्म कर्जतचा. पद्मजाबाई तिथल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गावात त्यांचं घराणं जुनं, घरात माणसांची ये-जा फार. पाहुणे आले की त्यांचा भाचा अनुपम दारामागे जाऊन उभा राहायचा. मग पाहुण्यांना तेवढंच काम मिळायचं. "अरे, ये की बाहेर. नाव सांग. मुलगा असून लाजतोस काय?" असं म्हणत कुणीतरी त्याचा हात धरून त्याला बैठकीच्या मधोमध आणून उभं करायचं. पद्मजाबाईंना ते बघवायचं नाही, कारण लहानपणी त्याच दारामागे त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी अनुपमला समजावत बसायचं सोडून दिलं. एक दिवस कागद घेतला आणि त्यावर मुठा काढला.

मुठा म्हणजे भातशेताच्या बांधात बीळ करून राहणारा खेकडा. आमच्याकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. माझ्यातल्या मुठ्याचं नाव मुठू. मुठू बिळातून बाहेर येत नाही. त्याला बाहेरच्या आवाजाची भीती वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते बाहेरच्या डोळ्यांची. बेडूक येतो आणि बिळाच्या तोंडाशी ओरडतो, 'बाहेर ये, नाव सांग.' मग उंदीर येतो. तो ओरडत नाही, सरळ आत हात घालून मुठूची नांगी ओढतो. नांगी तुटून उंदराच्या हातात येते आणि मुठू आणखी आत जातो. मग दुसरा एक मुठा येतो. तो काहीच बोलत नाही. बिळाकडे पाठ करून बाहेर बसतो आणि आपल्या पायांचा चिखल काढत राहतो. पान उलटलं तरी तो तिथेच. आणखी एक उलटलं तरी तिथेच. शेवटच्या पानावर दोघं बांधावर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. मुठूला नवी नांगी फुटलेली असते, पण बारकी. खाली एकच ओळ आहे. मुठू म्हणतो, 'आलो मी. जरा उशीर झाला.'

पद्मजाबाईंनी माझ्या थोड्याच प्रती छापून घेतल्या आणि तालुक्यातल्या अंगणवाड्यांना वाटल्या. अंगाला शाईचा वास होता तेव्हाच मी एका टेंपोतून, डाळ-तांदळाच्या पोत्यांवर बसून, कडावच्या पुढच्या एका गावात पोचलो. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका छायाताई. त्यांनी मला हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "किती गोड हाय हे." माझं असं स्वागत पुन्हा कधी झालं नाही, म्हणून ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

मी मुलांचा लाडका होतो. स्वतःच सांगतोय म्हणून हसू नका. खिचडी शिजेपर्यंत माझ्यावरून भांडणं व्हायची. उंदराचं पान आलं की सगळी पोरं त्याला चापट्या मारायची, म्हणून ते पान बाकीच्यांपेक्षा मऊ झालं आहे. एक मुलगी तेवढी मला हात लावायची नाही. ती दाराशी, सगळ्यांच्या चपला काढलेल्या असायच्या तिथे बसायची. नाव समीक्षा. ते नाव मला छायाताईंकडून कळलं, तिच्याकडून नाही. ती तिथे एक शब्द बोलायची नाही. पाणी हवं असलं तरी मागायची नाही, शू लागली तरी सांगायची नाही. घरी जाईपर्यंत तशीच बसून राहायची.

तिची आजी चंद्राबाई तिला सोडायला यायची. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. ती छायाताईंना सांगायची, "घरी चुरुचुरु बोलते गं. कोंबड्यांशी बोलते, म्हशीशी बोलते, माझं डोकं खाते. हितं आली का दातखीळ बसते."

आमच्या भागात मूल बोलत नसलं की त्याला पोपटाने उष्टावलेला पेरू खायला देतात. चंद्राबाईने शेजारच्या परसातून तसले पेरू वेचून आणले आणि नातीला बसवून खाऊ घातले. समीक्षाने ते आवडीने खाल्ले. फरक एवढाच पडला की ती आता चपलांजवळ पेरू खात बसायला लागली.

मग सव्वीस जानेवारी आली. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. आम्हा पुस्तकांना टेबलावर चादर घालून मांडलं होतं, म्हणून मी जे घडलं ते डोळ्यांनी पाहिलं. अंगणवाडीच्या प्रत्येक मुलाने माइकसमोर येऊन आपलं नाव सांगायचं होतं, बाकी काही नाही. समीक्षाची पाळी आली तेव्हा ती हलेना. मागून कुणी म्हणालं, "उचलून ठेवा तिला." कुणीतरी उचलून स्टेजवर ठेवलंही. माइक तिच्या तोंडाशी धरला. सगळं गाव समोर. "बोल गं, नाव सांग. घाबरती कशाला?" चंद्राबाई पहिल्या रांगेतून हात करून म्हणत होती, "सांग ना गं, समीक्षा म्हण. आईचं नाव घे, बापाचं नाव घे. कायतरी बोल." आजीला वाटत होतं, एकदा बोलली की भीड चेपेल. समीक्षाने फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत धरला होता. तिच्या पायांशी ओलं झालं आणि ती ओल स्टेजच्या फळीवरून खाली टपकली. आधी पोरं हसली, मग मोठी माणसंही हसली. मला पान मिटून घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

त्या दिवसापासून समीक्षा अंगणवाडीत आली नाही. ती घरातल्या कणगीच्या मागे जाऊन बसायला लागली. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी टोपली, माणसाएवढी उंच. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये एक मूल मावेल एवढी जागा असते. सकाळ झाली की चंद्राबाई हात घालून तिला बाहेर ओढायची, पोर भिंत धरून रडायची, आणि मग दोघी दमून बसायच्या. तिचा बाप, नवीन त्याचं नाव, खालापूरकडे एका कंपनीत कामाला होता. तो रोज एकच विचारायचा, "जूनमधी पहिलीत बसवायची हाय. अशी राहिली तर शाळेत जाईल कशी?" हे सगळं छायाताईंनी त्यांच्या घरी गेल्यावर ऐकलं आणि मीही ऐकलं. कारण त्या दिवशी मी त्यांच्या पिशवीत होतो.

"हे ठेवते," छायाताई म्हणाल्या आणि त्यांनी मला कणगीपासून जरा अंतरावर जमिनीवर ठेवलं. "तिला वाचायला लावू नका, आजी. बघ म्हणूनसुद्धा सांगू नका. नुसतं पडू द्या हितं."

मी पडून राहिलो. कोंबडी माझ्यावरून गेली. दुपारी कणगीच्या मागून एक हात आला आणि मला आत घेऊन गेला. आत अर्धवट अंधार होता, भाताच्या तुसाचा वास होता. समीक्षाने मला मांडीवर उघडलं. पहिल्या पानावर बिळातून फक्त मुठूचे दोन डोळे दिसतात. ती त्या डोळ्यांकडे बघत बसली. मग अगदी हळू, मुठूच्या कानात सांगावं तसं म्हणाली, "तुझ्या पन घरात अंधार हाय?"

मित्रांनो, आजवर किती मुलांनी मला वाचलं, कुणी हसत, कुणी ओरडत, कुणी चाटत. पण माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. गावात ज्या मुलीचा आवाज कुणाला माहीत नव्हता तिचा आवाज मला ऐकायला मिळाला. त्यानंतर ती रोज बोलायची. मुठूला काय वाटतं ते मला सांगायची, बेडकाला शिव्या द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण गोष्ट तिने चित्रांवरून केव्हाच ओळखली होती. मीही तिची वाट बघायला शिकलो. मला कुणाची तरी सवय लागण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती सवय मोडली नाही.

एक दिवस ती जेवायला उठली आणि मी उघडाच राहिलो, नेमका उंदराच्या पानावर. चंद्राबाई तिथे झाडत होती. तिने वाकून बघितलं. मग झाडू ठेवून खाली बसली आणि मला जवळ घेतलं. चंद्राबाई पावसाळ्यात बांधाबांधाने मुठे पकडणारी. तिच्या हाताचे मुठे सगळा गाव खायचा. चित्रातली तुटलेली नांगी तिने बोटाने पुसून बघितली, जणू ती खरी असावी.

"छाया काय शिकिवते गं ह्यातनं?" तिने समीक्षाला विचारलं.

"उंदीर त्येला वढतो, आजी."

"वढून मुठा येत नाय कधी. नांगी हातात येते आन मुठा आतच ऱ्हातो. लेकराला पन ठावं हाय हे." एवढं बोलून चंद्राबाई थांबली. नातीच्या दंडाकडे बघत राहिली. सकाळच्या ओढाताणीचा तिथे लाल वळ होता. मग म्हणाली, "मला ठावं असून मी तुला वढीत व्हते गं."

तिने नातीला जवळ ओढलं नाही. मला वाटलं होतं ओढेल, पण नाही. ती उठली आणि सुपात तांदूळ घेऊन कणगीकडे पाठ करून बसली. खडे काढत बसली, गुणगुणत बसली. दुसऱ्या दिवशीही तशीच, तिसऱ्या दिवशीही. बोल म्हणून नाही, ये म्हणून नाही. नवीनने एकदा विचारलं, "आये, तिला शाळंत न्यायचं सोडून तू तांदूळ कसला निवडतीस?" तेव्हा ती म्हणाली, "तू गप रं. माझं काम चाललंय."

उन्हाळा लागायच्या बेतात एका सकाळी कणगीमागून समीक्षा स्वतःच बाहेर आली आणि आजीच्या सुपातले खडे वेचायला लागली. त्यानंतर दोघी अंगणवाडीत येऊ लागल्या. चंद्राबाई सूप घेऊन उंबऱ्यावर बसायची, आतल्या मुलांकडे पाठ करून. समीक्षा चपलांजवळ, मांडीवर मी. छायाताईंनी सगळ्या मुलांना ताकीद दिली होती की तिला कुणी काही विचारायचं नाही.

प्राची नावाची एक मुलगी मात्र तिच्या शेजारी येऊन बसायला लागली. तीही विचारायची काही नाही, कारण तिला स्वतःच्या उद्योगातून फुरसत नसायची. एकदा तिने पेन्सिल घेतली आणि माझ्यातल्या बेडकाला ऐटबाज मिश्या काढल्या.

"बेडकाला मिश्या नसतात," समीक्षा म्हणाली.

"ह्याला हायेत," प्राची म्हणाली.

छायाताई चुलीपाशी खिचडी ढवळत होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वळून बघितलं नाही, पुन्हा ढवळायला लागल्या. उंबऱ्यावर चंद्राबाईच्या सुपाचा आवाज बंद पडला होता. तिनेही मागे बघितलं नाही. पदराने डोळे पुसले ते मला दिसलं, कारण मी मांडीवर उताणा होतो. त्या मिश्यांबद्दल मला आजही राग येत नाही.

आता त्या पानाचं सांगतो. जून आला. शाळा पटांगणाच्या पलीकडेच होती, पण समीक्षाला ती परक्या गावासारखी. नव्या बाई, नवी पोरं, रांग, घंटा. अंगणवाडीतली वस्तू म्हणून मला छायाताईंकडे परत जायचं होतं आणि समीक्षा मला सोडायला तयार नव्हती. ती पुन्हा कणगीकडे बघायला लागली होती. आदल्या संध्याकाळी चंद्राबाईने मला मांडीवर घेतलं. सगळी पानं उलटली. शेवटच्या पानाशी थांबली, त्यावरून हात फिरवला आणि ते पान एका दमात फाडलं.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण त्याहून मला कळेना की ती करते आहे काय. तिने पानाची घडी घातली, घडीवर घडी, बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत. काळ्या कापडात ती घडी शिवली आणि काळ्या दोऱ्याने समीक्षाच्या दंडाला बांधली. भित्र्या मुलाला ताईत बांधायची आमच्याकडे रीतच आहे. कुणी त्यात अंगारा घालतं, कुणी मंतरलेला कागद. चंद्राबाईने दोन मुठे घातले.

"भ्या वाटलं का ह्याला हात लाव," ती म्हणाली. "आत दोघं हायेत. तू एकली नाय."

सकाळी तिने मला अंगणवाडीत आणून दिलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "छाया, ह्यातलं एक पान मी फाडलंय. पोरीच्या दंडाला बांधलंय."

"आजी, अहो सरकारी वस्तू हाय ही. तपासणीला मॅडम आल्या तर काय दाखवू मी?"

"पोर माझी हाय," चंद्राबाई म्हणाली आणि निघून गेली.

छायाताई वाईट नव्हत्या. पण फाटलेलं पुस्तक कुणाच्या नजरेला पडलं तर बोलणी त्यांनाच बसणार होती. त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवलं, खालच्या खणात, वजनकाट्याच्या मागे, आणि किल्ली कमरेला लावली. आज काढू, उद्या चिकटवू असं करता करता राहून गेलं. बाकीची धड पुस्तकंसुद्धा हळूहळू आतच येऊन बसली. बाहेर राहिली तर मुलं फाडतात, हे आता त्यांच्या मनाने घेतलं होतं. माझ्यामुळे त्या बिचाऱ्यांवरही कुलूप आलं.

कपाटाच्या दाराला एक फट होती. त्यातून उजेडाची एक रेघ आत यायची आणि आवाज यायचे. सकाळी पटांगणापलीकडून शाळेची प्रार्थना ऐकू यायची. सगळी मुलं एका सुरात ओरडतात तसली. मी त्यात समीक्षाचा आवाज शोधायचो. मला तो ओळखता येईल अशी माझी खात्री होती, कारण तो सगळ्यात आधी मी ऐकला होता. पण कुजबुजीवरून प्रार्थनेतला आवाज ओळखता येत नाही. कधी वाटायचं, हाच. कधी वाटायचं, ती आज आलीच नसेल, कणगीमागे बसली असेल. मला कळायला काही मार्ग नव्हता. माझं एक पान रोज तिच्याबरोबर शाळेत जात होतं, तिच्या घामाने भिजत होतं, तिची छाती धडधडली की त्यालाही कळत असेल. बाकीचा मी वजनकाट्याच्या मागे होतो. स्वतःच्याच पानाचा हेवा करणारं पुस्तक तुम्ही पाहिलं नसेल.

वर्षं गेली. समीक्षा कडावच्या हायस्कुलात गेली असणार, म्हणून मग मी प्रार्थनेत तिला शोधणंही सोडून दिलं. अंगणवाडीत भिंतीवर टीव्ही आला. त्यात गाणारे प्राणी होते, रंगही माझ्याहून झगझगीत. मुलं त्याच्यासमोर गप्प बसायची आणि छायाताईंना ते बरं वाटायचं. मला कसर लागली. कव्हरचा एक कोपरा खाल्ला गेला. उंदराच्या पानाला चापटी मारायला कुणी नव्हतं. मी अंधारात पडून माझीच गोष्ट मनात म्हणायचो. दुसरा मुठा पाठ करून बसला इथपर्यंत यायचो आणि तिथेच थांबायचो. पुढचं माझ्याजवळ नव्हतं.

मागच्या वर्षी एका सकाळी फटीतून रडणं ऐकू आलं. मग छायाताईंचा आवाज, आता वयाने जाडसर झालेला. "ये गं सानवी, अशी काय करते? सगळी हसतील तुला. नाव सांग बघू, खाऊ देते. चल, ऊठ तिथनं." कुणीतरी ओढल्याचा, आणि पोतं सरकल्याचा आवाज झाला.

"ताई, वढू नका तिला."

हा आवाज मी ओळखला नाही. मोठ्या मुलीचा होता, शांत होता, फार उंच नव्हता. छायाताई म्हणाल्या, "अगं समीक्षा, तुझी चुलत बहीण ना? तूच बघ मग. रोज त्या तांदळाच्या पोत्यामागे जाऊन बसते."

समीक्षा. माझी शिवण उसवायची तेवढी बाकी राहिली.

"ते मुठ्याचं पुस्तक हाय का अजून, ताई?"

"असंल की. पन फाटकं हाय ते."

"ठावं हाय मला."

किल्ली फिरली. किती वर्षांनी दार पूर्ण उघडलं, आणि मला नीट काही दिसेचना, नुसता उजेड. मग एक हात आला. तोच हात होता का, हे मी सांगू शकत नाही. तेव्हा तो एवढासा होता, आता कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा होता. पण तिने मला उघडण्याआधी कव्हरवर तळवा टेकवला, आणि ते फक्त तीच करायची.

ती पोत्याजवळ गेली नाही. दोन हात लांब, पोत्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. मला पुढ्यात ठेवून वाचायला लागली. कुणाला ऐकवत नव्हती, स्वतःशी वाचावं तसं वाचत होती. बेडूक आला. त्याच्या मिश्या बघून तिला हसू आलं. उंदीर आला. दुसरा मुठा आला, पाठ करून बसला, पान उलटलं तरी बसून राहिला. मग मी संपलो. फाटलेल्या कडेचे दोरे तेवढे उरले होते. समीक्षा थांबली.

पोत्यामागून एक बारीक आवाज आला. "मंग?"

छायाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. सानवी त्या खोलीत पहिल्यांदा बोलली होती, कारण माझ्यात पान नव्हतं.

समीक्षाने कुर्त्याची बाही वर केली. दंडाला काळा ताईत होता. दोरा नवा होता, कापड जुनं, कडा पांढुरक्या पडलेल्या. "आजीनं दर वर्षी दोरा बदलला," ती छायाताईंना म्हणाली. "ह्या वर्षी मीच बदलला. आजी नाय आता." एवढं बोलून ती दोऱ्याची गाठ दातांनी सोडायला लागली. छायाताई म्हणाल्या, "अगं, आजीची आठवण ती. राहू दे." समीक्षाने मान हलवली आणि गाठ सोडली.

माझं पान बाहेर आलं. मी त्याची वाट बघत होतो आणि मला ते ओळखू येईना. घड्यांवर कागद विरला होता, घामाने रंग उतरला होता. बांध होता की आभाळ, सांगता येत नव्हतं. दोन मुठ्यांच्या जागी दोन करडे डाग होते, एकमेकांना चिकटलेले. आणि अक्षरं तर पुसूनच गेली होती. तिने ते पान जमिनीवर ठेवून तळव्याने सारखं केलं. सानवी पोत्यामागून निम्मी बाहेर आली होती, मान पुढे काढून बघत होती.

"मंग काय झालं?" तिने पुन्हा विचारलं.

वाचायला काही नव्हतं. समीक्षा तोंडाने सांगायला लागली. "मंग मुठू हळूच बाहेर आला. दुसऱ्याच्या बाजूला बसला. नवी नांगी फुटलेली त्याला, पन बारकी." तिने दंडावर हात फिरवला, जिथे ताईताखालची कातडी फिकट राहिली होती. मग माझ्या कव्हरवर तळवा ठेवून म्हणाली, "आन म्हनाला, आलो मी. जरा उशीर झाला."

ओळ मुठूची होती, हे मला माहीत आहे. माझ्याच पोटातली होती. तरी मला वाटलं, आणि अजून वाटतं, की ती मलाच म्हणाली.

चुलीवर खिचडी झालेली होती. समीक्षाने त्यातली चार शितं घेतली, बोटांनी मळली आणि माझं पान जागेवर चिकटवून टाकलं. आमच्याकडे डिंक नसला की असंच करतात. म्हणून त्या पानाला हळदीचा वास येतो. सानवीने त्या ओल्या पानावर बोट ठेवलं आणि ते सुकेपर्यंत दाबून धरलं.

मी आता कपाटात नाही. खिडकीखालच्या फळीवर असतो, मुलांच्या हाताला येईन असा. समीक्षा कर्जतला कॉलेजात जाते. सानवी आता एकटीच चालत येते, समीक्षाने सोडायची गरज उरली नाही. हे चांगलंच झालं, मला कळतं. तरी सकाळी दार वाजलं की मी बघतो.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कपाट असेल आणि आत माझ्यासारखे काहीजण पडलेले असतील. आमची काळजी घ्यायची म्हणून आम्हाला कुलूप लावू नका. फाटलो तर शितं लावा. आणि तुमच्या वर्गात कुणी चपलांजवळ बसत असेल, तर त्याला नाव विचारायची घाई करू नका. थोडं लांब, पाठ करून बसा, आणि मला मध्ये उघडं ठेवा.

आणि तुमच्यापैकी कुणाला समीक्षा भेटली तर तिला सांगा, मी फळीवर आहे. उशीर झाला तरी चालेल.